दारं बंद, परीक्षा चालू

"सोमवारी सूर्य मावळला की दारं बंद," बाबा चपला काढता काढता आईला म्हणाले. "आत्ताच धर्मगुरू शेखांना विचारून आलो. मंगळवारी सण. उम्म सिनान, पाण्याचे रांजण धुतलेस का?"

निब्रासच्या तोंडात समून पावाचा घास होता, तो तिथेच थांबला. "मंगळवारी नाही हो बाबा. बुधवारी. अठरा तारखेला."

"सतरा."

"अठरा! सिनानदादाच्या वेळी अठराच होती."

"सिनानला सिडनीला जाऊन पाच वर्षं झाली, पोरी. मध्ये एक फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा येऊन गेला. तो काय आपल्या हिशेबात धरतात?"

नाही धरत! आता हे काय कुणी सांगायला हवं? त्यांच्या छोट्या मंदाई जमातीचं वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं, ना एक कमी ना एक जास्त. बाकीचं जग दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्तीचा घुसवतं, मंदाई घुसवत नाहीत, म्हणून त्यांचा मोठा सण दर चार वर्षांनी एक पाऊल मागे येतो. हे तिच्या मावशीच्या पाच वर्षांच्या पोरालाही पाठ होतं. आणि निब्रास, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, गणितात वर्गात पहिली, तीच नेमकी विसरली होती!

तिने तो घास पाण्याबरोबर गिळला. कारण मंगळवारी, सतरा तारखेला, तिच्या प्रकल्पाची शेवटची परीक्षा होती. आणि ती तारीख खुद्द तिच्यामुळे ठरली होती.

झालं होतं असं. डिसेंबरात कॉलेजच्या फलकावर एक कागद लागला: अल्पसंख्य विद्यार्थ्यांनी आपापल्या सणांच्या तारखा परीक्षा विभागाला कळवाव्यात. आधीची तीन वर्षं निब्रासने असल्या कागदांकडे पाहिलंच नव्हतं. सण आला की ती सांगायची, पोट दुखतंय. दर सणाला पोट! कारण खरं सांगितलं की प्रश्न सुरू व्हायचे. मंदाईंना बाहेरचे लोक सुब्बी म्हणत. "तुम्ही सुब्बी लोक ताऱ्यांना नमस्कार करता म्हणे? मग आमचा निकाल सांग ना बघून!" "लग्नात नवऱ्यामुलाला नदीत बुडवतात ते खरं का गं? वर येतो ना परत?" सगळेच काही वाईट मनाने विचारत नसत. बऱ्याचदा नुसतं अज्ञान. पण अज्ञानाला तरी किती वेळा उत्तर द्यायचं, जीभ दुखते हो! आणि काही जण मनाने वाईटही असत, ते विचारत नसत, ते नुसती खुर्ची जरा लांब सरकवत.

पण चौथ्या वर्षी तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तिने ठरवलं, यंदा लिहायचं. ठसठशीत अक्षरात लिहायचं. भावाच्या ड्रॉवरमध्ये त्याचा जुना अर्ज सापडला, तो समोर ठेवून तिने जशीच्या तशी तारीख उतरवली. अठरा जुलै. आणि काय आश्चर्य, विभागाने खरंच ऐकलं! प्रकल्पांची परीक्षा अठराला होती, ती सतरावर आणली. मग काय, सगळ्या व्हरांड्यात एकच गलका. "एका सुब्बी पोरीसाठी कॉलेज हललं!" सैफ नावाचा एक लांबलचक मुलगा होता, तो तर तिला पाहिलं की छातीवर हात ठेवून वाकायचा. "बेगमसाहेब, माझ्या आत्याचं लग्न सतराला आहे. तेही पुढे ढकलू का?"

तर अशी ती सतरा तारीख. तिनेच मागितलेली. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा.

तिने गच्चीवर जाऊन गुफ्रानला फोन लावला. गुफ्रान तिची प्रकल्पातली जोडीदार, पहिल्या दिवसापासूनची मैत्रीण, आणि तरीही तिला यातलं काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. निब्रासने एका दमात सगळं सांगून टाकलं. सोमवारी संध्याकाळी सूर्य मावळला की बुधवारी पहाटे उगवेपर्यंत, छत्तीस तास, घराबाहेर पाऊल नाही. बाहेरच्या माणसाला शिवायचं नाही, बाहेरची वस्तू घरात घ्यायची नाही, नळाचं-नदीचं पाणी नाही, साठवलेलंच प्यायचं. झोपायचंसुद्धा नाही. याला करसा म्हणतात.

मग गुफ्रान म्हणाली, "एक मिनिट. म्हणजे चार वर्षं तुझं पोट दुखत नव्हतं?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदा दुखलं होतं. पण तेव्हा सण नव्हता."

"अगं गाढवे! मी तुला पुदिन्याचा काढा करून आणला होता! दोनदा! आमच्या आईने तुझ्यासाठी नवस बोलला होता!" मग जरा थांबून, "मला तरी सांगायचंस ना गं."

सांगायला हवं होतं, खरंच.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी कॉलेज उघडल्या उघडल्या ती परीक्षा विभागात हजर. विभागाचे प्रमुख उस्ताद जब्बार टेबलामागे बसले होते. पंखा त्यांच्याकडे वळवलेला, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर चार दगड. त्यांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, हे मात्र कबूल करायला हवं. मग चष्मा काढला.

"म्हणजे तुझ्या सणाची तारीख तुलाच माहीत नाही?"

"माहीत आहे उस्ताद, लिहिताना चुकली."

"मी चाळीस प्रकल्पांचं वेळापत्रक हलवलं. बसऱ्याहून परीक्षक येतायत, त्यांची गाडी ठरली, जेवण ठरलं. एकच दिवस येतायत. आता परत हलवू? आणि उद्या तुमचा सण गुरुवारवर घसरला तर?"

"घसरणार नाही. चार वर्षं नाही घसरणार."

"सुट्टी हवी तर घे. कायद्यात आहे, मी कोण अडवणार? सुट्टी मिळेल. मार्क मिळणार नाहीत. परीक्षकांसमोर हजर नसलं की शून्य, आणि शून्य म्हणजे पुढचं वर्ष."

"व्हिडिओवर?"

"समोर! समोर म्हणजे समोर." त्यांनी दगड उचलून त्याखालचा नियमांचा कागद तिच्या पुढ्यात टाकला. "वाच. मी काही मनाचं सांगत नाही."

बाहेर भिंतीच्या सावलीत गुफ्रान आणि कर्रार उभे होते. कर्रार त्यांच्या गटातला तिसरा. त्याचे काका-मामा सगळे दलदलीतले होडीवाले, त्यामुळे होडीचा सांगाडा त्याने बांधला होता. पट्टा आणि मोटर निब्रासची, रिमोट आणि तारा गुफ्रानच्या. प्रकल्प म्हणजे जलपर्णी काढणारी छोटी होडी. दिजला म्हणजे टायग्रिस नदीत ही जलपर्णी इतकी माजली होती की काठावरून बघणाऱ्याला वाटावं, हिरवं शेत आहे, चालत जावं पलीकडे. होडी पुढे सरकते, समोरचा फिरता पट्टा जलपर्णी ओढतो, मुळासकट तोडून मागच्या जाळीत टाकतो. सात महिने खपले होते तिघं त्यावर.

"काय म्हणाला म्हातारा?" कर्रारने विचारलं.

"समोर म्हणजे समोर."

"मग तू मंगळवारी ये ना, देवाला काय कळतंय!" तो म्हणाला, आणि गुफ्रानने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की हातातला चहा सांडला. "मस्करी केली गं! आमची आई मोहर्रमात माझा रेडिओ लपवून ठेवते, मला कळत नाही का? आण तो कागद इकडे."

त्याने कागद वाचला. बोट ठेवून, ओठ हलवत वाचला. मग परत वरून वाचला. आणि एकदम त्याचं बोट थांबलं.

"निब्रास, तुझं घर कुठे आहे?"

"माहीत नाही का तुला? नदीवर."

"नदीवर म्हणजे किती नदीवर?"

"खिडकीतून थुंकलं तर पाण्यात पडेल इतकं."

"ऐका!" कर्रार भिंतीवर चढायचाच बाकी होता. "'चाचणी नदीवर, गटाने निवडलेल्या पट्ट्यात होईल. पट्टा बदलायचा असल्यास मार्गदर्शकाच्या सहीने चोवीस तास आधी कळवावे.' अरे, तिला बाहेर यायची गरजच काय? ती खिडकीत, परीक्षक खाली. समोर म्हणजे समोर! डोंगर येत नाही ना, मग आपण डोंगराच्या दारात जाऊ!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जी धूम ठोकली ती थेट डॉ. मुहन्नदांच्या खोलीपर्यंत. ते त्यांचे मार्गदर्शक. त्यांनी फक्त एकच विचारलं, "तिथे जलपर्णी आहे का?"

"ढिगाने, डॉक्टर! आमचा काठ तर पार गुदमरलाय. स्नानाच्या दिवशी बाबा आणि शेजारी आधी तासभर विळे घेऊन वाट करतात, मग लोक पाण्यात उतरतात."

"मग हा पट्टा आधीच का नाही घेतला? कॉलेजमागच्या काठावर आहे काय, चार पानं!"

निब्रासने सहीचा कागद पुढे सरकवला. का नाही घेतला? कारण मग सगळे तिच्या घरी आले असते, आणि घरासमोर तो स्नानाचा घाट दिसला असता, आणि मग प्रश्न. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, आणखी काही विचारलं नाही आणि सही ठोकली.

उस्ताद जब्बारांनी अर्ज उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. नियमात बसत होता. शिक्का मारताना त्यांचा चेहरा असा झाला की लिंबाची फोड चावली.

पण एवढ्याने भागतंय होय? अजून शेख बाकी होते. निब्रास बाबांना घेऊन संध्याकाळी त्यांच्याकडे गेली. पांढऱ्या कपड्यातले, पांढऱ्या दाढीचे म्हातारे शेख अंगणात कोंबड्या मोजून खुराड्यात घालत होते.

"खिडकी उघडी ठेवायला हरकत नाही," ते म्हणाले. "हात बाहेर काढायचा नाही. बाहेरचं आत घ्यायचं नाही. वाहत्या पाण्याला शिवायचं नाही आणि त्या दिवशी हिरवं काही तोडायचं नाही. तुझं यंत्र करतं काय?"

निब्रास म्हणाली, "वाहत्या पाण्यातलं हिरवं तोडतं."

"वा!" शेख म्हणाले. "शोधून शोधून काढलंस."

बाबांना हसू आवरेना, त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"रिमोट तू हातात घेणार नाहीस," शेख म्हणाले. "तोडायचं ते ज्यांचा सण नाही त्यांनी तोडावं."

"आणि बोललं तर? नुसतं तोंडाने विचारलेल्याला उत्तर दिलं तर?"

"तोंड?" शेखांनी शेवटची कोंबडी आत ढकलली. "तुझ्या आईचं तोंड मला चाळीस वर्षांत बंद करता आलं नाही. तुझं काय करणार!"

खरा विरोध घरातून झाला. युम्माने, म्हणजे आईने, सगळं ऐकलं आणि रांजणावरचं झाकण दाणकन आपटलं. "कॉलेज सगळं माझ्या खिडकीखाली? आजवर आपण सण कसा केला? गुपचूप. दार लावलं, कुणाला कळलं नाही, कुणाला सांगितलं नाही. म्हणून तर टिकलो. आता ढोल बडवा!"

"ढोल नाही युम्मा. परीक्षा आहे."

"आणि कुणी काही बोललं तर? बाहेर जाऊन उत्तरही देता येणार नाही मला!"

"खिडकीतून दे," बाबा म्हणाले. "तुझा आवाज पोचतो."

सोमवारी सूर्य मावळला. दारं बंद. रांजण भरलेले, रोट्या भाजलेल्या, खजूर, तीळ, सोंगट्यांचा पट मांडलेला. रात्र जागून काढली, बाबा तिच्याकडून सात डाव हरले. आणि मंगळवारी सकाळी आठ वाजता तिने खिडकी उघडली तर, अरे बापरे!

दहा-पंधरा जण येतील असं वाटलं होतं. आले होते साठ! ज्यांची चाचणी दुपारी होती तेही आले होते. काठावर छत्र्या, डोक्यावर वह्या, बर्फाच्या पेट्या. एक सरबतवाला गाडी घेऊन आला होता, त्याला वाटलं लग्न आहे. ऊन असं की लोखंडाला हात लावावा तर कातडं चिकटावं. मधोमध ठेंगण्याशा, मोठ्या काळ्या चष्म्याच्या डॉ. विदाद, बसऱ्याहून आलेल्या परीक्षक. त्यांच्या बाजूला उस्ताद जब्बार, काखेत फाइल. कर्रार आधीच कमरेएवढ्या पाण्यात होडी धरून उभा. गुफ्रान रिमोट छातीशी धरून पांढरीफटक.

डॉ. विदादनी मान वर केली. "विद्यार्थिनी ती का? खिडकीतली?"

"हो डॉक्टर!"

"खाली का नाही?"

साठ माना वर. आणि मागून सैफचा आवाज आला, "पोट दुखत असेल!"

हशा पिकला. निब्रासचे कान तापले. गेली चार वर्षं याच जागी ती हसून वेळ मारून न्यायची. तोंडावर तेच हसू यायला लागलं होतं, सवयीचं. पण ती गजाला नाक लावून इतक्या मोठ्याने ओरडली की घाटावरचे बगळे उडाले.

"पोट बरं आहे माझं! चार वर्षं बरंच होतं! सण आहे आज आमचा! आमचं नवं वर्ष! छत्तीस तास घराबाहेर पडायचं नसतं, म्हणून मी वर आणि तुम्ही खाली! अजून कुणाला काही विचारायचंय?"

पाण्यातून कर्रार ओरडला, "ईद मुबारक, निब्रास!" आणि गुफ्रान, आणि मग कुठून कुठून दोन-चार, मग वीस, "ईद मुबारक! ईद मुबारक!" सरबतवालासुद्धा! युम्मा भिंतीला टेकून उभी होती, तिने ओढणी तोंडाला लावली आणि म्हणाली, "आता सगळ्या अमारा गावाला कळलं." पण ती खिडकी लावा म्हणाली नाही.

सैफ मात्र सैफच. "मग मिठाई कुठेय?"

"बुधवारी ये!" युम्मा मागून कडाडली. "आज बाहेर काही देता येत नाही!"

डॉ. विदादनी घड्याळ पाहिलं. "चला. पट्ट्याचा उतार किती अंशांचा आणि का?"

आणि सुरू झाली परीक्षा! त्या खालून ओरडतायत, निब्रास वरून ओरडतेय. उतार किती, मोटर कुठली, बॅटरी किती वेळ पुरते, ओझं वाढलं तर होडीचं नाक बुडतं का? "नाही बुडत! जाळी मागे आहे!" "मग शेपूट बुडेल!" "म्हणून बॅटरी पुढे ठेवलीय!" डॉ. विदादनी मान हलवली आणि लिहिलं. मग म्हणाल्या, "चालवा."

गुफ्रानने दांडी ढकलली. होडी निघाली. पट्टा फिरला, जलपर्णीचा पहिला झुपका वर चढला, धप्प करून जाळीत. दुसरा. तिसरा. काठावर टाळ्या. मागे उघडं पाणी दिसायला लागलं, चकचकीत, जणू कुणी हिरव्या घोंगडीला कात्रीने रेघ मारलीय. निब्रास गज धरून टाचा वर करकरून बघतेय, आणि तेवढ्यात तिने ऐकलं. कुणी पाहायच्या आधी तिने ऐकलं. मोटरचा आवाज चढला. घूंऽऽ होता, त्याचा कींऽऽ झाला.

"बंद कर! गुफ्रान, बंद!"

गुफ्रान घाबरली आणि तिने दांडी उलट पुढेच रेटली. होडी थरथरायला लागली. पट्ट्याखालून धूर!

"सोड! हात सोड दांडीवरून!" आणि निब्रासचा स्वतःचा हात गजांतून बाहेर निघालाच होता, असा सरळ, जणू इथूनच होडी पकडणार आहे, तेवढ्यात युम्माने तिची वेणी धरून मागे खेचली. "हात!"

हात आत. गुफ्रानने रिमोट सोडला. मोटर थांबली. उस्ताद जब्बारांनी फाइल उघडली, पेन काढलं.

"कर्रार," निब्रास म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, पण एकेक शब्द खाली पोचत होता. "डाव्या बाजूला हात घाल. पट्टा आणि रुळाच्या मध्ये. काय लागतंय?"

"दोरी... नाही, मूळ! जाडजूड आहे. गच्च बसलंय!"

"ओढू नकोस! ओढलंस तर पट्टा फाटेल. मागची खिटी काढ. उजवीकडची. काढलीस? पट्टा सैल झाला?"

"झाला!"

"आता मूळ खालच्या बाजूने सरकव. खाली! वर नाही! तुमच्या म्हशीची वेसण काढतात तसं."

हसू फुटलं, पण कर्रारला कळलं. त्याने पाण्यात डोकं घातलं, दोन पळं गेली, आणि तो वर आला तो हातात हे एवढं मूळ घेऊन, दाढीवर शेवाळ, वीरासारखा.

"आता खिटी परत लाव. पण त्याच भोकात नको, एक भोक पुढे. पट्टा घट्ट होईल, फट राहणारच नाही. गुफ्रान, रिमोट उचल. हळू. चहात साखर ढवळतेस तशी दांडी फिरव."

गुफ्रानने डोळे मिटले, उघडले, आणि ढवळलं. घूंऽऽ. घूंऽऽऽऽ. पट्टा फिरला! पहिला झुपका, दुसरा, दहावा! होडी घाटाच्या पायऱ्यांपर्यंत गेली, वळली, परत आली. अकरा मिनिटांत तीनदा जाळी भरली. पायऱ्या सगळ्या उघड्या पडल्या, पाणी त्यांना लागून हलायला लागलं. खाली काय आरडाओरडा, काय शिट्ट्या! सैफ पँट वर दुमडून कर्रारच्या बाजूला पाण्यात उतरला होता आणि जाळी उपसत होता, कुणी सांगितलं होतं देव जाणे. बाबा आत खोलीत एकटेच टाळ्या वाजवत होते.

डॉ. विदादनी काळा चष्मा डोक्यावर चढवला. "मूळ अडकलंय हे तुला वरून कसं कळलं?"

"आवाजावरून, डॉक्टर! चाचणीत कधी अडकलं नव्हतं. कॉलेजमागे मुळं बारीक आहेत. ती फट मला आधीच भरून काढायला हवी होती, चूक माझीच!"

"हे शेवटचं वाक्य मी लिहीत नाही," डॉ. विदाद म्हणाल्या आणि वही मिटली. "झालं. सह्या घ्या."

उस्ताद जब्बार पुढे आले. हजेरीचा कागद. कर्रारने ओल्या हाताने सही केली. गुफ्रानने केली. मग उस्तादांनी वर पाहिलं. कागद हातात, पेन हातात.

"हिची सही?"

बाहेरचा कागद. आत घेता येत नाही.

"बुधवारी पहाटे, उस्ताद. सूर्य उगवल्यावर."

"कागद आजच डॉक्टरांबरोबर बसऱ्याला जातो. सही नाही म्हणजे गैरहजर." आणि हे बोलताना त्यांना मजा वाटत होती असं नाही हं. उलट घाम पुसत होते बिचारे. पण कागद म्हणजे कागद. तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

गुफ्रान रडायच्या बेतात. कर्रार काहीतरी बोलणार, तेवढ्यात डॉ. विदाद म्हणाल्या, "उस्ताद जब्बार, तुम्हाला ती मुलगी दिसतेय?"

"दिसतेय."

"ऐकू येतेय?"

"सगळ्या गल्लीला ऐकू येतेय, डॉक्टर."

"मग गैरहजर कोण?"

"तुमचं खरं आहे. पण चौकट रिकामी आहे. रिकाम्या चौकटीचा कागद विद्यापीठ परत पाठवतं. मला माहीत आहे, मीच तिकडे कागद पाठवत आलोय."

डॉ. विदादनी गुणांचं पाकीट बंद करून पिशवीत टाकलं आणि हजेरीचा कागद उस्तादांच्याच हातात राहू दिला. "तर मग अपुरा कागद मीही नेत नाही. गुण आज नेते, हजेरी तुम्ही पूर्ण करा. उद्या सकाळी सहाची बस आहे ना बसऱ्याला? चालकाकडे द्या. दुपारपर्यंत माझ्या टेबलावर हवा. सूर्य किती वाजता उगवतो?"

"पाचला!" काठावरच्या साठ जणांनी एकदम सांगितलं.

त्या रात्री निब्रास पुन्हा जागीच. करसा होता म्हणून नव्हे. करसा नसता तरी कुठली झोप! उस्ताद येतील? का येतील? त्यांचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. शिपायाला पाठवतील, शिपाई विसरेल. सोंगट्यांचा एकही डाव तिला जिंकता आला नाही, बाबांनी सातच्या सात वसूल केले. साडेचारला ती दाराशी जाऊन बसली. पावणेपाचला युम्मा म्हणाली, "बसून सूर्य लवकर येत नाही." पाच वाजता पूर्वेकडे तांबडं फुटलं, मग पाण्यावर लाल काठ उमटला, मग बाबांनी कडी काढली.

दारात उस्ताद जब्बार उभे होते. फाइल काखेत, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, मागे टॅक्सी घुरघुरत.

"नव्या वर्षात पाहिलेलं पहिलं तोंड हे!" युम्मा पुटपुटली, पण हळू.

उस्ताद उंबऱ्यापासून चांगले दोन हात लांब उभे होते. "पाच मिनिटं आधीच आलो होतो. म्हटलं, कडी वाजवावी की नाही. आता कागद दिला तर चालतो ना? शिवलं तर? मला यातलं काही माहीत नाही, म्हणून विचारतो."

"आता चालतं, उस्ताद," निब्रास म्हणाली आणि उंबरा ओलांडून बाहेर आली. छत्तीस तासांनी पहिलं पाऊल, पायाखाली गार माती. तिने कागद त्यांच्या हातातून घेतला. टेबल नव्हतं. उस्तादांनी एक क्षण इकडेतिकडे पाहिलं, मग वळले आणि स्वतःची पाठ पुढे केली.

"कर इथेच. लवकर कर, बस सुटेल. आणि चौकटीत कर!"

तिने त्यांच्या पाठीवर कागद ठेवला. पाठ इतकी हलत होती की नाव चौकटीबाहेर गेलं, शेवटचं अक्षर पार गुफ्रानच्या सहीवर चढलं. उस्तादांनी कागद पाहिला, ओठ चावला, कागद फाइलमध्ये घातला आणि टॅक्सीकडे पळत सुटले. पळता पळता मागे न बघता हात हलवला, तो निब्रासला होता की ड्रायव्हरला, कळलं नाही.

निब्रासने फोन उचलला. पहिल्याच रिंगला गुफ्रान.

"केलीस?"

"केली!"

फोनमधून आलेली किंकाळी बाबांना आतल्या खोलीत ऐकू आली. पाठोपाठ गुफ्रानच्या आईचा आवाज, कुणीतरी भांडं पाडलेलं, आणि मग गुफ्रान धापा टाकत, "थांब, आम्ही येतोय, कर्रारलाही उठवते, आता घरात आलं तर चालतं ना? सांग पटकन, चालतं ना?"